किती येणार?

मागच्या साली धाकट्या पोरीचा साखरपुडा घरीच, साध्या रीतीनं करायचं ठरलं. तारीख निघाली, अंगण सारवायचं ठरलं, आचारी सांगून झाला. आचाऱ्यानं विचारलं, "अप्पा, पानं किती धरू?" तिथं गाडं अडलं. आपल्याकडची पानं मला तोंडपाठ होती. पण मुलाकडचे किती येणार, ते कोण सांगणार? पोरगी म्हणाली, "फोन लावा अन् विचारा की." मी फोन हातात घेऊन अर्धा तास बसलो. चौसष्ट वर्षांचा माणूस मी. बाजारात हमाल-अडत्यांशी भांडलेला, कोर्टाच्या तारखा केलेला. पण व्याह्याला "किती येणार?" हे तीन अक्षरांचं की चार अक्षरांचं जे काय आहे ते विचारायला जीभ रेटेना.

आमच्या उमरीकडं पाहुण्याला हा प्रश्न विचारत नसतात. का विचारत नसतात, ते मला नीट कळायला सगळं आयुष्य गेलं. म्हणून हे लिहायला घेतलं.

साखरपुडा हा शब्द आमच्याकडं पुस्तकातून अन् लग्नपत्रिकेतून आला. माझ्या लहानपणी 'कुंकू' म्हणायचे. "अमक्याच्या पोरीचं कुंकू झालं" म्हणजे सोयरीक पक्की. मुलाकडं करायचा तो टिळा. भटजी 'वाङ्निश्चय' म्हणायचे. म्हणजे बोलून पक्कं करणं, एवढाच त्याचा अर्थ. शब्द दिला, चार माणसांनी ऐकला, झालं. इथून रेल्वेनं धर्माबाद ओलांडलं की बासर लागतं, तिथले तेलुगू लोक 'निश्चितार्थम्' म्हणतात. त्यांच्यातही विड्याची पानं अन् सुपारी देऊन-घेऊनच शब्द पक्का होतो. आमच्यात सुपारी फोडायचे. आता कुणाची 'सुपारी' दिली म्हटलं की पोरांना सिनेमातली सुपारी आठवते. आमच्या सुपारीनं घरं जोडली जायची.

साखरेचा पुडा ही तर शहरातली चैन. आमच्याकडं गूळ. साखर पुढं रेशनवर मिळायला लागली, तेव्हा कार्य असलेल्या घरात दोन-तीन महिने आधीपासून साखर साठवायचे. चहा गुळाचा प्यायचे अन् साखर डब्यात.

माझ्या आत्याचं कुंकू 1948 साली झालं. ते आजी सांगायची. त्या साली 30 जानेवारीला उमरीची बँक मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. ही दोन्ही बातम्यांची उलटापालट आजीच्या डोक्यात कायमची राहिली, "बँक लुटली म्हणून गांधीबाबाला मारलं का रे?" असं ती म्हातारपणीसुद्धा विचारायची. बँक लुटल्यावर उमरीच्या आसपास रझाकार अन् पोलिसांचा जाच सुरू झाला. कापसाचा मोंढा असलेलं, जिनिंगचं, रेल्वे स्टेशनचं गाव; पण माणसं दिवसाउजेडी रस्त्यानं जाईनात. ज्यांना जमलं ते निजामाची सरहद्द ओलांडून पलीकडं गेले. अशात आत्याची सोयरीक आली. बाकी काही नाही, तरणी पोरगी घरात ठेवायची धास्ती होती.

मुलाकडून तिघं आले, रात्री. दिवा लहान केला. गुळाचा खडा, पाच सुपाऱ्या, एक खण अन् अकरा हाली रुपये. हाली म्हणजे निजामाचा रुपया. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे, म्हणून देण्याघेण्यात 'हाली की कलदार?' हे आधी बोलून घ्यायचे. पुढं सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, अन् आत्याचं लग्न राहिलेल्या सवडीनं झालं. पण आजी सांगताना ज्या गोष्टीवर थांबायची ती वेगळीच. त्या रात्री तीन पाहुण्यांसाठी तिनं सहा भाकरी थापल्या होत्या. पाहुण्यांनी दोन-दोन खाल्ल्या असत्या तर सरल्या असत्या. त्यांनी तिघांत चार खाल्ल्या. "दोन भाकरी उरू दिल्या बघ त्यांनी," ती म्हणायची. "तव्हाच मी ओळखलं, पोरगी सुखात ऱ्हाईल."

लहानपणी मला वाटायचं, त्यांना भूक नसेल.

आता आमच्याकडच्या रीती थोड्या सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी, मग बसायला घोंगडी किंवा सतरंजी, मग गूळ-पाणी. 'कसं काय येणं केलं' हे विचारायचं नाही, ठाऊक असलं तरी. गाडीचे बैल सोडून यजमानाच्या माणसानं पाण्यावर न्यायचे अन् कडबा टाकायचा. पाहुण्यानं बैलाकडं बघायचंसुद्धा नाही. मग भावकी जमायची, बोलणी व्हायची, 'याद' लिहायचे. याद म्हणजे देण्याघेण्याचा कागद. हुंडाबंदीचा कायदा 1961 साली आला, पण याद काही थांबली नाही. फक्त 'हुंडा' हा शब्द जाऊन तिथं 'मानपान' आला. मग पोरीला पाटावर बसवून सासरकडच्या पाच बायांनी कुंकू लावायचं, ओटी भरायची, लुगडं द्यायचं. मग पंगत.

आवतणाचे प्रकार असायचे. घरटी एक माणूस, घरटी दोन, अन् चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या घरातली चूल आज पेटायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी इकडंच जेवायचं. भावकीला चूलबंदच द्यायचं, मग त्याच्याशी बोलणं असो नसो. आजोबांचा दंडक होता: बांधाचं भांडण बांधावर, आवतण मात्र दारात जाऊन. आवतण द्यायला वारीक फिरायचा, पण ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या घरी यजमानानं स्वतः जायचं. पंगत बसली की यजमानानं ओळीतून फिरत "सावकास होऊ द्या, सावकास होऊ द्या" म्हणायचं. आपण शेवटच्या पंगतीला जेवायचं. तोवर वरणात काही राहिलं असेल तर.

अन् 'किती येणार' हे विचारायचं नाही. विचारलं म्हणजे आपल्या घरात मोजून शिजतं, असं कबूल केलं.

1972 चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी बारा वर्षांचा. बापू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, माय टोपलं उचलायची. शाळेत सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली होती. तिची भाकर लालसर व्हायची, चिरा पडायच्या, घशाखाली उतरायची नाही. आमच्या टाळकी ज्वारीची सवय असलेल्या तोंडाला ती भाकर म्हणजे शिक्षाच. 1973 च्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीचं कुंकू ठरलं. मुलाकडचे भोकरकडचे, अकरा-बारा किलोमीटरवरचे. बापूंनी "या" असा निरोप धाडला. किती या, ते अर्थातच नाही.

घरात चर्चा एकच. पाणी. विहिरीत दिवसाकाठी चार-पाच घागरी पाझरायच्या. दोन गाड्या आल्या तर चार बैल. चार बैलांना पाजायला पाणी कुठून आणायचं? कडबा तर आमच्या स्वतःच्या बैलांना नव्हता. एक जोडी आधीच अर्ध्या किमतीत गेली होती. बापू आदल्या रात्री शेजारच्या वाडीत जाऊन दोन पेंढ्या कडबा उसना घेऊन आले अन् गोठ्यात दर्शनी जागेला उभा करून ठेवला.

सकाळी पाहुणे आले. पाच जण. पायी.

उन्हं चढलेली, धोतरं गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेली. बापूंनी विचारलं, "गाडी कुठं सोडली?" व्याही म्हणाले, "म्हटलं, जरा पाय मोकळे करावं." बारा किलोमीटर पाय मोकळे! पुन्हा पाय धुवायला पाणी दिलं तर एकानं चूळ भरली, बाकीच्यांनी तांब्याला नुसता हात लावला. जेवायची वेळ झाली तर म्हणाले, "आमाला आज शनिवार हाय." आजी दारातून म्हणाली, "पाचीच्या पाची जणांला शनिवार?" कुणी हसलं नाही. मग आजीच म्हणाली, "उपास सोडायला भाकर लागतीच की. बसा." मिलोची भाकर, जवसाची चटणी, कांदा. प्रत्येकानं अर्धी-अर्धी खाल्ली. घासागणिक "वा" म्हणत खाल्ली. बहिणीला कुंकू लावलं, गूळ वाटला, उन्हं कलल्यावर परत पायी गेले. उसना कडबा तसाच परत देऊन आलो. पेंढ्या मीच डोक्यावर नेल्या.

बापू त्या दिवशी काही बोलले नाहीत. दहा-बारा वर्षांनी, बहिणीचे सासरे वारले तेव्हा तिरडीपासून परत येताना म्हणाले, "त्या मान्सानं बैलं घरी ठिवली व्हती. माह्या दारात पानी न्हाई हे त्येला कोनी सांगितलं नव्हतं."

तेव्हाही मला अर्धंच कळलं.

मधली वीस-पंचवीस वर्षं फार सांगण्यासारखी नाहीत. पाऊस झाला, हायब्रीड आली, पुढं सोयाबीन आलं. पळसाच्या पत्रावळी जाऊन कागदाच्या, मग थर्माकोलच्या आल्या. पंगती उठल्या अन् 'बफे' आला, म्हणजे हातात ताट घेऊन रांग. कुंकवाचा साखरपुडा झाला, साखरपुड्याचं 'रिंग सेरेमनी' झालं. अंगणातून कार्यक्रम फंक्शन हॉलात गेला. गावातल्या एकानं शंभर माणसं बोलावली की दुसऱ्यानं तीनशे. का? तर लग्नाला लोक येतातच, पण साखरपुड्याला किती आले त्यावरनं माणसाचं वजन कळतं, असं एक नवंच माप निघालं.

2006 साली थोरल्या पोरीचा साखरपुडा मी केला. सोयाबीन बरं झालं होतं. घरापुढं मंडप. आमच्याकडची शंभर पानं धरली, त्यांच्याकडची शंभर. निरोप आला होता, "आमचे आपले घरचेच येतील." मी विचारलं नाही. कसं विचारणार? आजीच्या हाताखाली वाढलेलो.

अकरा वाजता पहिली जीप आली. मग दुसरी. मग टेम्पो. सहा जीपा, दोन टेम्पो, वर मोटारसायकली. घरचेच! माणसं मोजायचं मी तीनशेला सोडून दिलं. आचारी माझ्या तोंडाकडं बघू लागला. वरणात पाणी घाला, भात पुन्हा टाका, भज्याचं पीठ आणा, दुकान बंद. बुंदी पहिल्या दीडशे माणसांत संपली. त्यांच्याकडचे एक म्हातारे बुवा ताट घेऊन रांगेत उभे होते; त्यांची पाळी आली तेव्हा भाताचं पातेलं खरवडत होते. त्यांनी ताट खाली ठेवलं, हात जोडले अन् मंडपाबाहेर जाऊन बसले. मी जाऊन पाया पडलो. ते काही वाईट बोलले नाहीत. पण गावभर झालं: उमरीच्या पाव्हण्यानं पाणी वाढलं.

लग्नात मी ते भरून काढायला गेलो. दुप्पट माणसांचा स्वयंपाक, दोन गोड, वर फेटे. बैलजोडी विकली अन् खाजगीतून व्याजानं पैसे काढले. फेडायला पाच वर्षं लागली. बैल पुन्हा दावणीला आले नाहीत. तरी पोरीला सासरी ते पाणी ऐकावं लागलंच. कुठं वरण पातळ झालं की, "तुह्या बापावानी केलंस का?" हे ती मला सांगायची नाही, तिच्या आईला सांगायची. आई मला सांगायची.

खूप दिवस मी व्याह्याला शिव्या दिल्या, मनातल्या मनात. मग एकदा बहिणीकडं गेलो असताना तिच्या सासऱ्याचा विषय निघाला, पायी आलेले ते पाच जण, अन् मला उमगलं. आजीच्या रीती दोन होत्या. यजमानानं विचारायचं नाही, ही एक. न विचारता पाहुण्यानं ओळखायचं, ही दुसरी. सहा भाकरीतल्या दोन उरवायच्या, बैल घरी ठेवायचे, शनिवार नसला तरी शनिवार धरायचा. आम्ही पहिली रीत जपली अन् दुसरी कधी गळून पडली ते कळलंच नाही. एका चाकावर गाडी हाकत होतो. आता दुसरं चाक का निखळलं म्हणाल तर, मला वाटतं, पाहुण्याला यजमानाचं घर दिसायचंच बंद झालं. मंडप दिसतो. मंडपाला विहीर नसते.

ही माझ्या एकट्याची रड नाही. 2017 साली लातूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या पोरीनं, बापाला आपल्या लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून विहीर जवळ केली. पेपरात वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही. त्याच्या आदल्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्या दुष्काळी सालांत आमच्याकडं 'यादीपे शादी' वाढली. याद करायला किंवा कुंकू लावायला पाहुणे जमले की कुणी जाणता उठायचा, "आता पुन्हा कशाला खर्च? भटजी हायत, अक्षदा हायत," अन् तिथंच लग्न लावून टाकायचे. चांगली गोष्ट. मात्र काही ठिकाणी लग्न अंगणात झालं तरी यादीतले आकडे होते तेवढेच राहिले, हेही मी पाहिलंय.

मग कोरोना. एप्रिल 2021 मध्ये सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं अन् दोन तास असा हुकूम काढला. माझ्या पुतण्याचं लग्न त्यात झालं. पंचवीस म्हटल्यावर दोन्हीकडच्यांना बसून मोजावंच लागलं: तुमचे बारा, आमचे बारा, एक भटजी. कुणी रुसलं नाही, कारण रुसायचं कुणावर? कलेक्टरवर? उमरीच्या इतिहासात 'किती येणार' हे उघड विचारलं गेलं ते बहुधा पहिल्यांदाच, अन् तेही सरकारनं विचारायला लावलं. त्या वर्षी आमच्या गावात कुणी कार्यासाठी शेत गहाण टाकल्याचं मी ऐकलं नाही. गेलेली माणसं आठवली की ते साल चांगलं म्हणवत नाही, म्हणून एवढंच.

तर, फोन. शेवटी पोरीनंच नंबर लावून माझ्या कानाला दिला. धाकटी नांदेडला दवाखान्यात नर्स आहे, तिला वेळेवर काम करायची सवय. पलीकडून व्याही बोलले, धर्माबादकडचे. मी पाऊसपाणी विचारलं, कापसाचा भाव विचारला, त्यांच्या आईचा गुडघा विचारला. पोरगी समोर हात हलवू लागली. मग मी डोळे मिटून म्हणालो, "पाव्हणं, राग धरू नका. तुमच्याकडून किती येऊलालेत? घर लहान हाय माझं. कुनी उपाशी जाऊ ने म्हणून इचारलं."

पलीकडं थोडा वेळ काही नाही. मला वाटलं, मोडली.

मग ते म्हणाले, "बरं झालं इचारलात. मी चार दिवस झाले रातच्याला झोपलो न्हाई. आमची भावकी म्हणते पाच जीपा करा. मला एकच परवडते. आता सांगतो त्यायला, पाव्हण्यानं आकडा मागितलाय." त्यांच्या आवाजात जीव आल्यासारखं वाटलं. "अठ्ठावीस धरा. माय येती म्हणते, तिला खुर्ची लागंल."

अठ्ठावीस ते अन् आम्ही बत्तीस, साठ पानं झाली. पोरीनं यादी मोबाइलात केली, मी वहीत. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, भजे, बुंदी. थर्माकोल 2018 पासून बंदच आहे. पळसाच्या पत्रावळी मिळाल्या, किनवटकडून येणाऱ्या बाईकडून. दोन पोती बारदान जोडून त्यावर सतरंज्या टाकल्या. अंगठी एकमेकांना घालायची हे पोरांनी ठरवलं होतं, ते करा म्हटलं. कुंकू मात्र पाच बायांनी लावायचं, हे हिनं ठरवलं होतं.

वहीतल्या बत्तिसात चुलत भावाचं घर नव्हतं. भिंतीला भिंत आमची, पण बांधावरून नऊ वर्षं बोलणं नाही. पोरगी म्हणाली, "अप्पा, तुमचा तो न बोलणारा माणूस. कशाला बोलावता? जागा बी नाही." खरंच नव्हती. चूलबंद द्यायचं तर सात पानं वाढतात. आचाऱ्याला फोन केला, सदुसष्ट धर म्हणालो. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर अक्षदा घेऊन त्याच्या दारात गेलो. तो बाहेर आला नाही. वहिनी आल्या. मी म्हणालो, "उद्या चूलबंद हाय. समदे या." त्यांनी पदर सावरून अक्षदा घेतल्या.

दुसऱ्या दिवशी व्याही आले, जीप एकच. उतरल्यावर मी मोजायचं नाही म्हणत होतो तरी मोजले. सव्वीस. दोघं कमीच. पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. अंगठ्या झाल्या, कुंकू झालं, त्यांच्या आई खुर्चीवर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. दोन पंगती उठल्या. "सावकास होऊ द्या" म्हणत मी फिरत होतो, तेव्हा पलीकडच्या ओळीत वरणाची बादली घेऊन कुणीतरी वाढताना दिसलं. चुलत भाऊ. कधी आला, बादली कुणी दिली, कुणाला ठाऊक.

शेवटच्या पंगतीला तो माझ्या शेजारी बसला. बोलला नाही. पाहुणे गेल्यावर ओट्यावर चहा घेत म्हणाला,

"वरण जरा पातळ झालतं."

मी म्हणालो, "तू उशिरा जेवलास."